जुन्या सायकलीला रंग लावू नये

जुनी सायकल दुरुस्त करावी की तिच्या जागी नवी घ्यावी, हा प्रश्न बहुतेक घरांत सुटत नाही. तो माळ्यावर चढवला जातो. माळा नसेल तर जिन्याखाली, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून तो वर्षानुवर्षे उभा असतो. दोन्ही टायर बसलेले, सीटवर धुळीचा थर. घरात या सायकलीविषयी तीन मते असतात. एक म्हणते, भंगारात द्या, जागा तरी मोकळी होईल. दुसरे म्हणते, आजोबांची सायकल आहे, रंग देऊन, निकेल करून अगदी नव्यासारखी करू. तिसरे म्हणते, एवढा खर्च करायचा तर गिअरची नवी का घेऊ नये? पहिले मत निर्दय, दुसरे कृतज्ञ आणि तिसरे व्यवहारी समजले जाते. मला या तिघांत वाटतो तेवढा फरक दिसत नाही. तिघेही सायकलीचे काय करायचे ते ठरवतात. ती चालवणार कोण, हे कुणीच विचारत नाही. सगळा निर्णय मात्र त्याच उत्तरावर लटकलेला आहे. चालवणारा असेल तर जुनी सायकल दुरुस्त करावी, पण नव्यासारखी करू नये. चालवणारा नसेल तर जो चालवेल त्याला देऊन टाकावी. नवी घेण्याची वेळही येते. ती फ्रेम गेली म्हणून येते किंवा रस्ता बदलला म्हणून येते; सायकलीचे वय हे त्याचे कारण नव्हे.

आपण बोलतो आहोत ती सायकल कोणती, हे आधी नक्की केले पाहिजे, कारण सगळ्या जुन्या सायकली सारख्या नसतात. महाराष्ट्रातल्या घरांत पडून असलेली सायकल बहुधा काळी, डबल बारची किंवा साधी, बावीस नाहीतर चोवीस इंची फ्रेमची, दांडीच्या ब्रेकची असते. स्वातंत्र्याच्या सुमारास आणि नंतरच्या दशकात या सायकलींचे कारखाने देशात उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, मद्रासला 1949 मध्ये टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला 1951 मध्ये ॲटलस, लुधियान्यात 1956 मध्ये हीरो. मूळ नमुना इंग्रजी होता, आणि इंग्लंडमध्येही तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच पक्का झाला होता. आपल्याकडच्या कारखान्यांनी त्यात फारसे काही बदलले नाही. या आळसाबद्दल त्यांना नावे ठेवली जातात आणि ते एका अर्थी योग्यच आहे. पण आज जुन्या सायकलीच्या मालकाला त्या आळसाचाच फायदा मिळतो. हीरोची चेन ॲटलसला बसते, ॲटलसचा पायडल टीआयच्या हर्क्युलिसला बसतो. चाक अठ्ठावीस इंची, टायर दीड इंची, पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40. पुढच्या हबमध्ये 3/16 इंची छर्रे, मागच्या हबमध्ये आणि बीबीत, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, 1/4 इंची. पन्नास वर्षांपूर्वीच्या सायकलीला लागणारा जवळजवळ प्रत्येक भाग आजही लुधियान्यात बनतो आणि तालुक्याच्या गावी दुकानात मिळतो.

त्यामुळे ‘जुन्या सायकलीचे पार्ट मिळत नाहीत’ हा नवी घेण्याच्या बाजूने नेहमी दिला जाणारा पुरावा या सायकलीपुरता खोटा आहे. तो खरा ठरतो तो वेगळ्याच ठिकाणी. वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली, पुढे शॉकॲबसॉर्बरचा जाडजूड चिमटा असलेली स्वस्तातली गिअरची सायकल काढून पाहा. त्या चिमट्यातली रबरे आणि स्प्रिंग गेली की सुटे भाग मिळत नाहीत, अख्खा चिमटा बदलावा लागतो. आणि तेवढ्या मापाचा चिमटा मिळालाच तर त्याची किंमत उरलेल्या सायकलीपेक्षा जास्त होते. म्हणजे साठ वर्षांची सायकल सहज दुरुस्त होते आणि वीस वर्षांची होत नाही. यात चमत्कार काही नाही. काळ्या सायकलीचे बेअरिंग कोन, कप आणि सुटे छर्रे असे असते. झिजले की कोन थोडा आवळायचा, आणखी झिजले की रुपया-दोन रुपयांना मिळणारे छर्रे बदलायचे, फारच झाले तर कोन बदलायचा. क्रँक आणि एक्सल यांना धरून ठेवते ती एक पाचरीसारखी कॉटर पिन. पायडल मारताना ‘टक’ असा आवाज येऊ लागला की ती ढिली झाली असे समजावे. नवी पिन हातोडीने ठोकून बसते. ही सायकल बनवतानाच ती पुन्हा पुन्हा उघडली जाणार असे गृहीत धरलेले आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्या कंपन्यांकडून दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी असा हेतू आहे. काळ्या सायकलीच्या मालकाला या हक्काची गरज कधी पडलीच नाही. तो हक्क पाना आणि पेचकस यांच्या रूपाने कोपऱ्यावरच्या दुकानात होताच.

एक अपवाद सांगायला हवा, कारण तो नेमका सर्वांत जास्त जीव लावलेल्या सायकलींच्या बाबतीत येतो. नॉटिंगहॅमला बनलेली अस्सल रॅले ज्यांच्या घरात आहे, त्यांनी बीबीचे कप जपावेत. इतर कारखान्यांनी इंचाला 24 आटे धरले, तर रॅलेने स्वतःसाठी 26 धरले. बाजारातला कप तिथे बसत नाही, आणि एखाद्या उत्साही कारागिराने जोर लावून बसवलाच तर फ्रेमचे आटे कायमचे जातात. अशा सायकलीला हात लावणारा माणूस ती कोणती आहे हे ओळखणारा असावा. उलट तिच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर घाबरण्याचे कारण नाही. त्याच्या कवचावर बनवल्याचे साल बहुधा ठोकलेले असते आणि त्याचे आतले भाग अजून मिळतात.

आता पैशांचे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण जुन्या सायकलीच्या दुरुस्तीबद्दल हटकून ऐकू येते. पण कोंबडी चार आण्याची ठरवली कुणी? भंगारवाल्याने. वीस-बावीस किलोची सायकल तो लोखंडाच्या भावाने घेतो, पाच-सहाशे रुपये हातावर ठेवतो, आणि आपण तीच तिची किंमत समजून दुरुस्तीचा खर्च तिच्याशी ताडून पाहतो. हा हिशेब मुळातच चुकतो. विकताना काय मिळेल याच्याशी दुरुस्तीच्या खर्चाचा काही संबंध नाही. तेवढेच काम करणारी दुसरी सायकल आणायला काय लागेल, याच्याशी आहे. नवी साधी काळी सायकल आज पाच ते आठ हजारांच्या घरात येते. जुनीचे पूर्ण ओव्हरऑइलिंग, म्हणजे सगळे छर्रे काढून, धुऊन, नवे ग्रीस भरून, कोन जुळवून, चाकांचा आउट काढून, वर दोन टायर, दोन ट्यूब, चेन आणि ब्रेक रबर नवे, एवढे सगळे धरले तरी दोन हजारांच्या आसपास निभावते. शहरागणिक थोडे कमी-जास्त. आणि नव्या सायकलीची फ्रेम जुनीपेक्षा चांगली असते अशीही खात्री नाही. हा आकडा फुगतो तो रंग आणि निकेल यांनी. ते दोन काढून टाकले तर मसाला कोंबडीपेक्षा स्वस्तच आहे.

अर्थात हे सगळे फ्रेम शाबूत आहे या अटीवर. बाकी सायकल म्हणजे बदलता येणाऱ्या भागांची मोट आहे. निर्णय करायचा तो फ्रेमकडे पाहून, आणि तिथे भावनेला अजिबात मत देऊ नये. या फ्रेमच्या नळ्या लोखंडी सांध्यांत घालून पितळाने झाळलेल्या असतात. त्या तुटतात त्या बहुधा सांध्यापाशी, हँडलखालच्या उभ्या नळीजवळ आणि बीबीच्या आसपास. तिथला रंग बारीक रेघेसारखा फुटलेला दिसला तर तो खरवडून खालचे लोखंड पाहावे. रेघ लोखंडातही असेल तर ती चीर आहे. वरून दिसणारा गंज फारसा वाईट नसतो. तपकिरी डाग तेलाच्या फडक्याने निघतो आणि खाली लोखंड ठणठणीत असते. धोका आत असतो. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून खाली उतरते, बीबीच्या कवचात साठते आणि नळीला आतून खाते. म्हणून सीट काढून नळीत विजेरी मारावी, बीबी उघडल्यावर गंजाची भुकटी किती पडते ते पाहावे आणि नळीवर खालपासून वर नाण्याने टकटक करत जावे. आवाज एके ठिकाणी बोदा झाला की तिथे भिंत पातळ झाली आहे. कोकणातली, खाऱ्या हवेत परसात उभी राहिलेली सायकल आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत कोठीत ठेवलेली सायकल यांचे वय एकच असले तरी फ्रेमचे आयुष्य एक नसते. फ्रेम वाकली आहे का हे पाहायला सुतळी पुरते. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या खाचेपासून सुतळी हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणावी आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावे. दोन्ही सारखे आले तर फ्रेम सरळ. थोडा फरक कसबी कारागीर हाताने काढतो. चीर किंवा आतून खाल्लेली नळी मात्र काढता येत नाही. वेल्डिंग करून देणारे भेटतील, ‘काही होत नाही हो’ असे म्हणणारेही भेटतील; ते सायकलवर बसणार नसतात. अशी फ्रेम निघाली की ती सायकल संपली. तिच्यातले हब, हँडल, सीट, घंटी काढून घ्यावे आणि उरलेले लोखंड वजनावर द्यावे. त्याचा शोक वाजवी आहे, त्यावर खर्च वाजवी नाही.

फ्रेम शाबूत निघाली की घरातले कृतज्ञ मत पुढे सरसावते: आता हिला नव्यासारखी करू. इथे मला थांबवावेसे वाटते. नव्यासारखी करणे म्हणजे प्रत्यक्षात काय होते? फ्रेम वाळूच्या माऱ्याखाली किंवा ॲसिडात जाते आणि मूळचा भट्टीत भाजलेला काळा रंग उतरतो. त्याबरोबर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा जातात, कंपनीचे चित्र जाते, ज्या दुकानातून सायकल घेतली त्या दुकानाचे छोटे लेबल जाते. मग पावडर कोटिंग होऊन ती सुमारे दोनशे अंशांच्या भट्टीतून बाहेर येते. जाड, गुळगुळीत, प्लास्टिकसारखी चमक. रेघांच्या जागी स्टिकर येतात. रिम आणि हँडल निकेलला जातात. तिथे गंजाचे खड्डे काढायला ते घासले जातात, म्हणजे जे लोखंड पन्नास वर्षांत गंजाने खाल्ले नाही ते पॉलिशच्या चाकाने एका दुपारी खाल्ले जाते. वर चढणारा चकचकीत थर केसाच्या जाडीच्याही कितीतरी पट पातळ असतो, आणि खालचे निकेल नीट चढले नसेल तर दोन पावसाळ्यांत पुन्हा फोड येतात. सीट नव्या रेग्झिनची, मुठी नव्या. सगळे झाल्यावर जी वस्तू घरी येते तिचे फक्त लोखंड जुने असते. भंगारवाल्याने सायकल नेली असती तर निदान ती गेली हे तरी कळले असते.

यावर कुणी म्हणेल, आपल्याकडे जीर्णोद्धाराची परंपराच आहे. देऊळ मोडकळीला आले की ते नव्याने बांधणे हे पुण्यकर्म. अहिल्याबाईंचे नाव आपण त्याच पुण्याईने घेतो. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. जीर्णोद्धार पूजा चालू राहावी म्हणून करतात. देव पुजला जात नाही अशा देवळाचा कळस सोन्याचा करून त्याला जीर्णोद्धार म्हणत नाहीत. शिवाय त्या परंपरेतून गेल्या शतकात काय झाले तेही डोळ्यांसमोर आहे. हेमाडपंती देवळांच्या काळ्या दगडावर ऑइलपेंट चढले, गाभाऱ्यांना चकचकीत फरशा लागल्या, सगळे श्रद्धेनेच. पंढरपूरला विठ्ठल मंदिरात 2024 मध्ये संवर्धनाचे काम झाले ते मुख्यतः नंतरच्या काळात चढवलेले हे थर उतरवून मूळ दगड उघडा करण्याचे. देवळाच्या बाबतीत जे कळायला इतकी वर्षे लागली ते सायकलीच्या बाबतीत आधीच कळून घ्यायला हरकत नसावी. सायकलीवरचे पावडर कोटिंग उतरवून खालचा मूळ रंग परत मिळत नाही. दगड वाट पाहतो, रंग पाहत नाही.

आणि भावनेचेच म्हणाल तर भावना नव्यासारखी करण्याच्या बाजूला अजिबात उभी राहत नाही. सायकल प्रिय असते म्हणजे तिच्यातले काय प्रिय असते? हीरोच्या लोगोवर कुणाचा जीव जडत नाही. दांडीवर लहान मूल बसायचे तिथला रंग घासून लोखंड दिसते आहे. कॅरिअरला डबा बांधून बांधून एक सळई वाकली आहे. डाव्या मुठीचे रबर एकाच बाजूने झिजले आहे. सीटचे चामडे एका विशिष्ट माणसाच्या बसण्याप्रमाणे खचले आहे. मडगार्डवर नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला अडकवल्याचे भोक आहे. आठवण ज्याला म्हणतो ती या झिजेत आहे. नव्यासारखी करणारा कारागीर नेमकी हीच झीज दोष म्हणून काढून टाकतो. त्याचा काय अपराध, त्याला तसेच सांगितलेले असते. गोधडी शिवताना आजीच्या लुगड्याचे विटलेले तुकडे जसे आहेत तसेच घेतात, ते आधी रंगाऱ्याकडे पाठवत नाहीत. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात ती आतून, अन्न कळकू नये म्हणून. बाहेरून पोचे राहू देतात. सायकलीलाही हाच न्याय लावावा. जे भाग भार घेतात, फिरतात, थांबवतात ते निःशंक बदलावेत. जे नुसते जुने दिसतात ते पुसून, तेलाचा हात देऊन सोडून द्यावेत. उघड्या पडलेल्या लोखंडावर पारदर्शक लाखेचा हात दिला तरी गंज थोपतो.

पूर्ववत करणे योग्य ठरते अशी एक जागा मला मान्य आहे, ती म्हणजे संग्रहालय. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तिथे पाहायला मिळते. तिथे सायकलीचे काम दाखवण्याचे आहे, चालण्याचे नाही. कारखान्यातून बाहेर पडताना ती कशी होती हे तिने सांगितले पाहिजे, आणि ते काम अभ्यास असलेल्या माणसाच्या हातून झाले पाहिजे. पण तशी सायकल दुर्मीळ असते. ॲटलस आणि हीरो लाखांनी नव्हे, कोटींनी निघाल्या. दिवाणखान्यात उभी केलेली चकचकीत ॲटलस ना संग्रहालयातली होते ना रस्त्यावरची. हॉटेलांच्या भिंतीवर टांगलेल्या, कॅरिअरवर कुंडी आणि हँडलला दिव्यांची माळ घातलेल्या सायकली त्याच जातीच्या. त्यांच्याकडे पाहून जेवणाऱ्यांना गाव आठवते म्हणे. जुन्या सायकलीचा मान राखण्याची दुसरी रीत इटलीत दिसते. तिथे 1997 पासून तस्कनीच्या कच्च्या रस्त्यांवर ‘लेरोइका’ नावाची फेरी निघते, 1987 च्या आधीच्या धाटणीच्या शर्यतीच्या सायकली घेऊन. त्या सायकली धुळीने माखतात, पंक्चर होतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

आता तत्त्वज्ञांचा आक्षेप. इतके भाग बदलल्यावर सायकल तीच राहिली का? आधी टायर, मग चेन, मग चाके, मग हँडल. असे करता करता एक दिवस मूळचे काहीच उरणार नाही. हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून वाहनाच्याच निमित्ताने चर्चिला गेला आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन रथात बसून आलेल्या मिलिंद राजाला विचारतो: आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडी म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. नागसेनाला त्यातून आत्म्याविषयी सांगायचे होते. आपल्याला सायकलीपुरते एवढे घेता येते की नाव चालते ते वापरावर. रोज चालणारी सायकल भागाभागाने बदलली तरी चालवणाऱ्याला ती कधी दुसरी वाटत नाही, कारण कुठल्याही एका दिवशी ती कालचीच असते. एकाच आठवड्यात सगळे काढून नवे घातले तर ती त्यालाही परकी वाटते. शिवाय ज्यांना तत्त्वज्ञान नको त्यांच्यासाठी पोलिसांचे उत्तर आहेच. सायकल चोरीला गेली तर तक्रारीत लिहिला जातो तो फ्रेमवर ठोकलेला नंबर. कायद्याच्या दृष्टीने तो नंबर म्हणजेच सायकल, बाकी सगळे सुटे भाग. जाड पावडर कोटिंगखाली हा नंबर बुजतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पर्यावरणाचा मुद्दा जुनी सायकल वाचवणाऱ्यांच्या तोंडी असतो, आणि तो माझ्या सोयीचा असूनही मी तो फार ताणणार नाही. एक टन पोलाद बनवताना सुमारे दोन-अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वीस किलोच्या सायकलीचा हिशेब चाळीस-पन्नास किलोंचा झाला. टायर, रंग, वाहतूक धरून तो दुप्पट करा, शंभर किलो. एक लिटर पेट्रोल जळताना सव्वादोन किलोंच्या वर निघतो. म्हणजे नवी सायकल बनवण्याची किंमत सुमारे चाळीस लिटर पेट्रोल. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्यात अठराशे किलोमीटर जाते. रोज दहा किलोमीटर स्कूटरऐवजी सायकलने जाणाऱ्याने ही सगळी किंमत सहा महिन्यांत फेडली. तेव्हा जुनी सायकल माळ्यावर जपून स्कूटरने कामावर जाणाऱ्यापेक्षा नवी घेऊन रोज चालवणारा पर्यावरणाचे जास्त भले करतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वाचवण्यासारखी गोष्ट लोखंड नाही, फेरी आहे. फ्रान्सच्या सरकारने 2020 मध्ये, टाळेबंदी उठताना, लोकांना जुन्या सायकली दुरुस्त करायला पन्नास युरोंची मदत दिली. ती वारसा जपावा म्हणून नव्हती. घराघरांत पडलेल्या सायकली थोडक्या खर्चात रस्त्यावर आणणे हा माणसांना फिरते करण्याचा सर्वांत झटपट मार्ग होता. त्याच वर्षी 3 जूनला, जागतिक सायकल दिनी, ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याचे काम थांबले, हा योगायोग कुणाच्या लक्षात राहिला असेल तर असो.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो मी अर्धा मान्य करतो. दांडीचे ब्रेक चकचकीत लोखंडी रिमवर कोरड्यात ठीक चालतात. पावसात रिम ओली झाली की पकड झटकन कमी होते आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते. या सायकली ज्या रस्त्यांसाठी बनल्या तिथे सायकलवालेच जास्त होते. पुण्याची सायकलींचे शहर म्हणून ख्याती होती त्या काळात रस्त्यावरचा वेगच सायकलीचा होता. आज उड्डाणपुलाच्या तोंडाशी, मागून साठच्या वेगाने गाड्या येत असताना, ओल्या ब्रेकच्या भरवशावर वीस किलोचे लोखंड आवरणे वेगळी गोष्ट आहे. नवे रबर आणि नीट जुळवलेल्या दांड्यांनी बरेच सुधारते, पण ब्रेकची जात बदलत नाही, कारण या रिमचा आकारच दुसऱ्या ब्रेकला चालत नाही. ज्याची रोजची वाट अशा रस्त्यावरून आहे, ज्याच्या वाटेत कात्रजसारखा चढ आहे किंवा ज्याचे गुडघे आता एका गिअरला साथ देत नाहीत, त्याने नवी घ्यावी आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. पण ज्याला पेठेतल्या पेठेत भाजी, दूध, वाचनालय, बँक एवढेच करायचे आहे, त्याच्यासाठी जुनी सायकल अजूनही उत्तम आहे. तिचे मडगार्ड पावसाचे शिंतोडे अडवते, चेनकव्हर धोतर-पायजम्याची काळजी घेते, कॅरिअर गॅसची टाकीसुद्धा पेलते, आणि तिला कुलूप लावायला विसरलात तरी ती बहुधा जागेवर असते.

आक्षेप इथे संपतात, आणि मूळ प्रश्न उरतो: चालवणारा कोण? ज्या घरात याचे उत्तर नाही त्या घराने सायकल जपण्याचे नाव घेऊ नये. माळ्यावर सायकल टिकत नाही. टायरचे रबर तडकते, ग्रीस सुकून खडा होते, उंदीर सीटचा कापूस काढतात. वीस वर्षे माळ्यावर राहिलेली सायकल वीस वर्षे चाललेल्या सायकलीपेक्षा बहुधा वाईट अवस्थेत निघते. तिच्याविषयीचे घोंगडे भिजत ठेवणे हा सगळ्यांत महाग निर्णय आहे, फक्त त्याची पावती कुणी फाडत नाही. पहाटे पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन, साइटवर जाणारा गवंडी, अशा कुणाला ती रोज लागणारी असते. द्यायची ठरली तर तशीच ढकलून देऊ नका. सुतळी लावून फ्रेम पाहा, नंबर कागदावर लिहून सोबत द्या, रंगाचे पैसे वाचवा आणि त्या पैशात ओव्हरऑइलिंग करून, ब्रेक रबर नवे बसवून द्या. हे काम मे महिन्यातच उरकून घ्या. जूनमध्ये पाऊस येतो, आणि पहिल्या पावसाआधी ब्रेक लागलेले हवेत.